दुःखात बळ कोठून येते?



मंडळ्यांमध्ये मिशनच्या कामाची माहिती द्यायला गेले की उपासनेनंतर चहा घेताना एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुम्ही रोज इतके दुःख पाहता, तुमचा विश्वास डळमळत नाही का?" पूर्वी मी चटकन "नाही, प्रभू बळ देतो" असे सांगून मोकळी होत असे. ते उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. या अंकात पूर्ण उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

पिंपरीतील संत तुकाराम नगर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. कोणी तिथल्या वसाहतीत राहते, कोणी तिथे मेट्रोतून उतरून कामाला जाते. मी हा भाग ओळखते तो रुग्णालयांमुळे. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथेच आहे. चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली बोटे सापडलेला कंत्राटी कामगार या भागात उपचारासाठी येतो. मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरातील ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबेही येतात. पाड्यावरून रुग्णाला घेऊन येणे, केसपेपर काढणे, रेशन कार्ड आणि दाखले गोळा करून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा अर्ज भरणे, रात्री नातेवाइकांपाशी थांबणे, हे माझे अठरा वर्षांचे काम. या वर्षांत दुःखाबद्दल जे थोडे शिकले, त्यातले बरेचसे वॉर्डाबाहेरच्या जमिनीवर चादर टाकून बसलेल्या बायकांनी शिकवले.

माझी चूक

२०१५ च्या पावसाळ्यात खेड तालुक्यातील एका पाड्यावरची कातकरी बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. रात्री झोपडीत जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावली होती. मण्यारीच्या चाव्याला फारशी सूज येत नाही, वेदनाही फार होत नाहीत. पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकू लागतो. घरच्यांना वाटले, पोट बिघडले आहे. पहाटेपर्यंत वाट पाहिली, मग भगताकडे नेले आणि तिथून जीपने दवाखान्यात. डॉक्टरांनी शर्थ केली. प्रतिविष दिले, कृत्रिम श्वासावर ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी मूल गेले.

मी तिच्या शेजारी बसले होते. मला शांत बसवेना. थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेली मी, मनात शिकलेले सारे शब्द गर्दी करत होते. मी म्हणाले, "रडू नका, देवाची इच्छा होती. त्याला तुमचं बाळ हवं होतं."

तिने माझ्याकडे पाहिले. "ताई, तुझ्या देवाला माझंच पोर दिसलं का ग? त्याच्याकडं काय पोरं कमी पडली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती रागाने बोलली असती तर मला सोपे गेले असते. पण ती खरोखर विचारत होती.

त्या रात्री घरी येऊन मी पवित्र शास्त्र उघडले, ते तिच्यासाठी उत्तर शोधायला. दोन-तीन महिने शोधले. जे सापडले ते मी अपेक्षिले तसे नव्हते.

शास्त्र काय सांगते आणि काय सांगत नाही

दुःख का, या प्रश्नावर शास्त्रात एक संपूर्ण ग्रंथ आहे. ईयोबाची मुले, गुरेढोरे, आरोग्य, सारे जाते. त्याचे तीन मित्र लांबून भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर काही न बोलता बसून राहतात. तोपर्यंत त्यांचे सारे बरोबर असते. मग ते बोलू लागतात आणि तिथेच चुकतात. देव न्यायी आहे, म्हणजे तुझ्या हातून काही पाप झाले असणार, असे ते नाना परीने त्याला समजावतात. ईयोब भांडतो, देवाला जाब विचारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. शेवटच्या अध्यायात देव कोणावर रागावतो? देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबाविषयी तो म्हणतो की हा माझ्याविषयी योग्य ते बोलला.

आणि 'का' या प्रश्नाचे उत्तर? ते ईयोबाला अखेरपर्यंत मिळत नाही. त्याला देवाची भेट मिळते, कारण मिळत नाही.

हे वाचून माझी मान खाली गेली. मी त्या आईशी ईयोबाच्या मित्रांसारखी वागले होते. तिच्या लेकराच्या मृत्यूचे कारण मला ठाऊक असल्यासारखी बोलले होते आणि तेही देवाच्या नावाने. आपल्या मंडळ्यांमध्ये अंत्यविधीच्या वेळी अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. "देवाने परीक्षा घेतली." "चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याच्या मनात देवाचे एक भलतेच चित्र उभे राहते.

रडणे हीसुद्धा प्रार्थना आहे

दुसरी गोष्ट मला स्तोत्रसंहितेत सापडली. आपण उपासनेत स्तुतीची स्तोत्रे अधिक वाचतो, त्यामुळे त्या पुस्तकाचा मोठा भाग विलापाचा आहे हे लक्षात राहत नाही. किती वेळ, का, कोठे आहेस, असे प्रश्न स्तोत्रकर्ते मोकळेपणाने देवाला विचारतात. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. पण ८८ वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांना ते स्तोत्र काढून टाकावेसे वाटले नाही. ज्याला आज आशेचा शब्द उच्चारता येत नाही, त्याच्यासाठीही देवासमोर जागा आहे, असा मी त्याचा अर्थ घेते.

आपला प्रभू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला. थोड्याच वेळात त्याला उठवायचे आहे हे ठाऊक असूनही रडला. गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांना सांगितले की माझा जीव कासावीस झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचा टाहो त्याच्या मुखी होता. देवाने मला सोडले का, हा प्रश्न ज्याच्या मनात येतो त्याचा विश्वास गेला असे आपण कसे म्हणावे? तो प्रश्न प्रभूनेही विचारला आहे.

मराठी माणसाला हे परके नाही. ज्यांच्या नावाने हे नगर वसले आहे, त्या तुकाराम महाराजांनी १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावले. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण आहे, रुसवा आहे, आर्जव आहे. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. देवाशी इतके मोकळे बोलण्याची सवय त्यांना या मातीतच लागली होती. मग आपण, त्यांची भजने गाणारे लोक, दुःखाच्या घरी जाऊन "रडू नका" का म्हणतो?

आधी भाकरी, मग बोलणे

तिसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याची. १ राजे १९ व्या अध्यायात तो इतका खचला आहे की रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागतो. देव त्याच्याकडे दूत पाठवतो. दूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, त्याला उठवून खायला लावतो आणि पुन्हा झोपू देतो. परत उठवतो, परत खायला देतो, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नसतो. देवाशी बोलणे होते ते नंतर, चाळीस दिवसांनी.

रुग्णालयात मी हे अक्षरशः खरे ठरताना पाहिले आहे. दोन दिवस उपाशी असलेल्या, तीन रात्री न झोपलेल्या बाईला कोणताच आधार आधार वाटत नाही. आधी तिच्या पोटात भाकरी जावी लागते. कोणी तरी "मी इथे बसते, तुम्ही दोन तास पडा" म्हणावे लागते. आमच्या मंडळीच्या महिला संघाच्या भगिनी आळीपाळीने डबे देतात, तेव्हा त्या त्या दूताचेच काम करत असतात. आपण पाठवता त्या देणगीतून परतीचे गाडीभाडे, औषधे आणि प्रसंगी शववाहिकेचे भाडे भरले जाते. याला कोणी 'नुसती मदत' म्हटले तर मला पटत नाही. देवाचे बळ माणसापर्यंत पोचण्याची ही सर्वांत जुनी वाट आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. डबा देताना आम्ही पत्रिका देत नाही. आजारी आणि शोकात असलेल्या माणसाला मदतीच्या बदल्यात काही मानायला लावणे म्हणजे त्याच्या दुःखाचा फायदा घेणे आहे. कोणी प्रार्थना करायला सांगितले तर आनंदाने करतो, कोणी नको म्हटले तर तितक्याच मायेने शेजारी बसतो. दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाला तू कोणत्या धर्माचा, असे विचारल्याचे लूककृत शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही.

पंडिता रमाबाईंचे दुःख आणि त्यांचे बळ

शास्त्रातले हे धडे एका माणसाच्या आयुष्यात पाहायचे असतील तर फार दूर जायला नको. पुण्याच्या पूर्वेला, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथल्या मुक्ती मिशनला आपल्यापैकी अनेकांनी भेट दिली असेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला. १८७० च्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात हे कुटुंब उपासमारीत सापडले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. आईचा देह स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. तिरडीला खांदा देणाऱ्यांत रमाबाई स्वतः होत्या आणि उंची कमी पडली म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर पेलला. पुढे भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून वरून वाळू ओढून घेत दोघे झोपत.

कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि १८८२ च्या सुरुवातीला पती पटकीने गेले. वय अवघे तेवीस. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला वाटते की विश्वास धरला आणि दुःख सरले. तसे झाले नाही. आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला नव्हता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. म्हणजे बाहेरून मारा चालूच होता.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. पण वीस वर्षांपूर्वीचा आपल्या घरातला दुष्काळ त्यांना आठवला आणि घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि या सर्वांना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. म्हणून केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि १८९८ मध्ये मुक्ती सदनाची पायाभरणी झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग तिथे सुरू झाले. अंध स्त्रियांसाठी बर्तिमी सदन उभे राहिले.

या घटनाक्रमात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुष्काळात आईबापांचे मरण का आले, याचे उत्तर रमाबाईंना कोणी दिले नाही. पण त्या मरणाची आठवण देवाच्या हातात आली, तेव्हा शेकडो मुलींना जगण्याची वाट मिळाली. दुष्काळ चांगला होता असे याने ठरत नाही, तो वाईटच होता. पण वाईटाला शेवटचा शब्द मिळाला नाही.

त्यांचा शेवटही सुखाचा झाला असे म्हणता येत नाही. ज्या मनोरमेने आईच्या कामाला वाहून घेतले होते, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती, ती १९२१ च्या जुलैमध्ये मिरजेच्या रुग्णालयात वारली. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरही त्यांनी ते काम सोडले नाही. भाषांतर तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मला हे नऊ महिने नेहमी आठवतात. त्या महिन्यांत त्यांना दुःख नव्हते असे कोण म्हणेल? पण रोज सकाळी उठून पुढची ओळ भाषांतरित करण्याइतके बळ त्यांना मिळत होते. बळ बहुधा असेच येते, त्या दिवसापुरते.

पौलाचा अनुभवही असाच आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात तो आपल्या देहातील काट्याविषयी लिहितो. तो काढून टाकावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. कृपा मिळाली आणि ती पुरली. आपण बरे होण्यासाठी प्रार्थना करावी, डॉक्टरांकडे जावे, औषधे वेळेवर घ्यावी, यात काही विसंगती नाही. 'विश्वास आहे म्हणून औषध बंद केले' असे कोणी सांगितले तर मी त्यांना प्रेमाने पण ठामपणे परत दवाखान्यात नेते. काटा निघेल का हे आपल्याला ठाऊक नसते. निघाला नाही तरी प्रभू सोडून जाणार नाही, हे मात्र आपल्याला सांगितले आहे.

माझ्या दारात

हे सारे मी शिकले होते, इतरांना शिकवतही होते. मग २०२१ चा मे महिना आला. माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अकरा दिवस झगडून तो गेला. वय छत्तीस. देह घरी आणता आला नाही. उपासना मोबाइलवर होत होत्या आणि अंत्यविधीला आम्ही चौघेच होतो.

त्यानंतर कित्येक महिने मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की शब्द येत नसत. पाळकसाहेबांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही नका करू. सध्या आम्ही तुमच्या वाटची करतो." रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात आत्मा आपल्यासाठी शब्दांवाचून विनंती करतो असे सांगितले आहे. ते मी अनेकदा शिकवले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आधाराने उभी राहिले.

टाळेबंदी सैल झाल्यावर एका सकाळी दार वाजले. बाहेर ती कातकरी आई उभी होती, जिचा मुलगा मण्यार चावून गेला होता. पाड्यावरच्या आमच्या एका कार्यकर्त्याकडून तिला कळले होते. दोन गाड्या बदलून ती आली होती. हातात पिशवी, पिशवीत नाचणीच्या भाकरी आणि वाळवलेले बोंबील.

ती आत आली, भिंतीला टेकून बसली. मी रडले. ती काही बोलली नाही. देवाची इच्छा नाही, धीर धर नाही, काहीच नाही. दुपारी तिने मला भाकरी खायला लावली. जाताना एवढेच म्हणाली, "मी परत येते ताई."

आणि ती आली, दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा.

ती ख्रिस्ती नाही. मी तिला त्याविषयी कधी विचारलेले नाही. पण त्या दिवशी माझ्याकडे देवाचा दूत भाकर घेऊन आला असेल तर तो तिच्या रूपाने आला, याबद्दल मला शंका नाही. आपण बळ देणारे आणि आदिवासी बांधव घेणारे, अशी जी समजूत आपल्या मिशनच्या कामात नकळत शिरते, ती माझ्यापुरती तरी तेव्हापासून गेली.

तिच्याविषयी आणखी एक सांगायला हवे. तिच्या पाड्यावर आता साप चावल्याचे कळताच पहिली हाक तिलाच जाते. ती आधी १०८ ला फोन करवते आणि चावलेल्या माणसाला चालू देत नाही. पावसाळ्यात मुलांना जमिनीवर झोपवू नका, खाट नसेल तर निदान मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा, असे घरोघर सांगत फिरते. भगतालाही तिने गळ घातली आहे की साप चावलेला आला तर आधी दवाखान्यात पाठव. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल सांगतो की देव आपले सांत्वन करतो ते आपण दुसऱ्यांचे सांत्वन करावे म्हणून. केडगावात मी हे पुस्तकातून शिकले, पाड्यावर डोळ्यांनी पाहिले.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळीत, शेजारात किंवा कारखान्यात कोणी दुःखात असेल तर या साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

भेटीला जा, पण कारणे सांगायला जाऊ नका. काय बोलावे सुचत नसेल तर तसेच सांगा आणि बसा.

"काही लागले तर सांगा" म्हणू नका. दुःखातला माणूस सांगत नाही. डबा घेऊन जा, मुलांना शाळेत सोडा, वीजबिल भरा, एक रात्र रुग्णालयात थांबा.

रडणाऱ्याला रडू द्या. देवावर रागावणाऱ्याला रागावू द्या. देवाला त्याची सवय आहे, स्तोत्रसंहिता वाचून पाहा.

ज्याला प्रार्थना करता येत नाही त्याच्यासाठी आपण करा आणि करत आहोत हे त्याला कळू द्या.

झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटू लागले, असे कोणी बोलले तर त्याला विश्वासाची कमी समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि महिनाभराने पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते, खरे एकटेपण नंतर सुरू होते.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. माझा विश्वास डळमळतो का? होय, डळमळतो. २०१५ मध्ये डळमळला, २०२१ मध्ये तर पार वाकला. पण मला उभे ठेवणारे बळ माझ्या विश्वासाच्या पक्केपणात कधीच नव्हते. ज्याने मला धरले आहे त्याच्या हातात ते आहे आणि तो हात बहुतेक वेळा कोणा माणसाच्याच हातासारखा दिसतो, कधी डबा धरलेला, कधी नाचणीची भाकरी.

येत्या तीन महिन्यांसाठी आपल्या प्रार्थनेत या विनंत्या असाव्यात: पावसाळ्यात पाड्यांवरील लेकरांचे सर्पदंश व तापापासून रक्षण व्हावे, हंगामात वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना उचलीच्या कर्जातून सुटका मिळावी, रुग्णालयांतील परिचारिका, डॉक्टर व सेवकांना शक्ती मिळावी, आणि ज्यांच्या घरातील खुर्ची या वर्षी रिकामी झाली, त्यांच्या शेजारी बसणारे कोणी तरी असावे.

हे प्रभू, आमच्या कबरांपाशी तू रडलास. आम्हाला उत्तरे देता आली नाहीत तरी जागे राहायला शिकव. आमेन.